विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला एचएचओ किट: डिझेल वाचतं का?

विहीरवाला, औसा: 5 एचपीच्या इंजिनाला हे किट बसतं. स्टीलच्या पट्ट्यांचा सेल, पाण्यात कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड), 12 व्होल्टची बॅटरी; विजेनं पाणी फुटून निघालेला हायड्रोजन-ऑक्सिजनचा मिश्र वायू, म्हणजेच एचएचओ, नळीनं हवेच्या फिल्टरात सोडायचा. पाणी जळतं असं माझं म्हणणं नाही. हायड्रोजनची ज्योत वेगानं पसरते, म्हणून डिझेल पुरतं जळतं. लोक या किटला फसवणूक म्हणतात, पण सरसकट तसं म्हणणं मला पटत नाही.

पाना-पक्कड, जालना: आकडे मांडू. मिनिटाला 1 लिटर वायू काढायला 6 सेलच्या संचाला साधारण 15 अँपिअर लागतात, म्हणजे 200 वॅट. त्यात हायड्रोजन दोन तृतीयांश, त्याची उष्णता 120 वॅट. बाकीची सेल तापवण्यात गेली. ट्रॅक्टरवर हीच वीज अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या वीज-जनित्राकडून घेतली, तर तो 55 टक्के आणि इंजिन 30 टक्के कार्यक्षम धरून 1200 वॅटचं डिझेल जादा जळतं. पाणी म्हणजे हायड्रोजनची राख. राखेतून जाळ काढायचा तर आधी तेवढाच जाळ घालावा लागतो.

विहीरवाला, औसा: विहिरीवरच्या इंजिनाला अल्टरनेटर कुठं असतो? बॅटरी घरून चार्ज करून नेतात. मग इंजिनावर भार कसला?

पाना-पक्कड, जालना: गोम तिथंच आहे, ती वीज घरच्या बिलात जाते. तीही फुकट धरा. हे इंजिन तासाला साधारण 1 लिटर डिझेल पितं, म्हणजे 10 किलोवॅट. त्यात 120 वॅट म्हणजे सव्वा टक्का. 100 मिली डिझेल 6 मिनिटं पुरत असेल, तर किट लावून चारेक सेकंद जास्त. तपासायचं असेल तर टाकीऐवजी खुणा असलेल्या मोजपात्रातून डिझेल द्या, इंजिन अर्धा तास तापू द्या, पाण्याच्या पंपाच्या डिलिव्हरी व्हॉल्व्हला हात लावू नका, आणि किट चालू-बंद असं आलटून पालटून पाच-पाच वेळा मोजा. बहुतेकदा किट बसवताना नोझल आणि फिल्टरही साफ होतो, अन् श्रेय किटला जातं. धडधाकट इंजिनात डिझेल तसंही 98 टक्क्यांच्या वर जळतं. काळा धूर येत असेल तर नोझल आणि टायमिंग बघा.

तुराटी, परभणी: डिझेल खरंच कमी करायचं तर गॅसिफायर बघा, म्हणजे कमी हवेत काड्या जाळून इंजिनासाठी जळाऊ वायू काढणारी भट्टी. पऱ्हाट्या, तुराट्या बोट-दोन बोट लांबीच्या तोडून, ओल 20 टक्क्यांच्या आत आणून वापरल्या, तर चारेक किलोत 1 लिटर डिझेलचं काम होतं. इथं ऊर्जा बाहेरून, काडीतून येते. मात्र त्या वायूतलं डांबर नीट गाळलं नाही तर इंजिनाचा इनलेट व्हॉल्व्ह चिकटतो. वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, म्हणून बंद खोलीत अजिबात नको.

विहीरवाला, औसा: सेकंदांचा हिशेब मान्य. ज्योतीच्या वेगाचं मोजपात्रानं तपासल्याशिवाय सोडणार नाही. पोटॅश किती टाकू?

पाना-पक्कड, जालना: थांबा, खताचं पोटॅश मुळीच टाकू नका! ते पोटॅशियम क्लोराइड, मिठासारखंच. सेलमधून क्लोरीन निघतो, स्टीलच्या पट्ट्या कुरतडल्या जातात आणि तळाशी विषारी क्रोमियमचा तपकिरी गाळ बसतो. कॉस्टिक पोटॅशच हवं, तेही बोअरच्या जड पाण्यात नाही, डिस्टिल्ड पाण्यात. हातमोजे-चष्मा घालून, पाण्यात थोडं थोडं सोडायचं. त्यावर पाणी ओतायचं नाही. सेल आणि इंजिनाच्या मध्ये पाण्याचा बबलर (वायू ज्यातल्या पाण्यातून बुडबुड्यांनी जातो ते भांडं) हवाच, नाहीतर उलट आलेली ज्योत थेट सेल फोडते.