प्रतिसाद: पिसणे आणि लबाडी

ऑनलाइन पोकरमध्ये एक्क्यांची जोडी वारंवार हरते म्हणून पत्ते पिसणारे सॉफ्टवेअर लबाड आहे, असा दावा केला जातो; तो मला घाईचा वाटतो. राजांच्या जोडीसमोरही ती शंभरात सुमारे १८ वेळा हरतेच (आणि लक्षात तेच डाव राहतात). मात्र पिसण्यात खोट कधी निघालीच नाही, असेही नाही.

१९९९ मध्ये एएसएफ या कंपनीच्या पोकर सॉफ्टवेअरची पिसण्याची पद्धत तपासली गेली, तेव्हा मध्यरात्रीपासूनचे मिलिसेकंद हेच बीज (ज्या आकड्यापासून संगणक पिसण्याचे गणित सुरू करतो तो) असल्याने पत्त्यांचे जेमतेम ८ कोटी ६४ लाख क्रमच शक्य असल्याचे आढळले, आणि सर्व्हरच्या घड्याळाशी वेळ जुळवल्यावर स्वतःचे दोन व फ्लॉपचे (टेबलावर सर्वांसाठी प्रथम उघडले जाणारे) तीन पत्ते एवढ्यावरून सर्वांचे हात ओळखता येत होते. गंमत म्हणजे, खेळाडूंचा विश्वास बसावा म्हणून ती पद्धत कंपनीनेच जाहीर केली होती.