तातडीची गोळी रोजच्यासाठी नाही
एका ताईंनी विचारलंय, दवाखान्यात जायला संकोच वाटतो, मग गर्भ राहू नये म्हणून तातडीची गोळीच दर महिन्याला घेतली तर चालेल का? नका हो ताई. ती अडीनडीला, संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची. सरकारी आरोग्य केंद्रात 'अंतरा' इंजेक्शन (दर ३ महिन्यांनी), 'छाया' गोळी, तांबी हे सगळं मोफत आहे.

मी छाया घ्यायचे. पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदाच. आमच्या आशाताईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रविवार-बुधवारला लाल गोल करून दिले होते. पाळी लांबली तेव्हा मी रडकुंडीला आले. त्याच म्हणाल्या, सुरुवातीला होतं असं, पण १५ दिवसांच्या वर गेली तर लगेच तपासून घ्यायचं. एवढं मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं, सख्ख्या बहिणीनेही नाही. तुमच्या आशाताईंना एकदा गाठाच.