२०० मेगापिक्सेलचा फोन घ्यावा की ५० चा? फोटोसाठी सल्ला हवाय

कवडसा

नमस्कार मंडळी,

माझा पाच वर्षांचा फोन आता थकलाय. नवा घ्यायचाय, पण घोडं कॅमेऱ्यापाशी अडलंय. दोन फोन हेरून ठेवलेत. एकावर २०० मेगापिक्सेल लिहिलंय, दुसऱ्यावर ५०. बाकी सगळं मला तरी सारखंच वाटतंय. घरचे म्हणतात, चौपट आहे ना, मग विचार कसला करतेस!

विचार अशासाठी, की माझ्या जुन्या फोनचा कॅमेरा १२ चा आहे आणि बहिणीचा ६४ चा. परवा संध्याकाळी घरात आम्ही दोघींनी शेजारी उभं राहून भाचीचा फोटो काढला. माझ्या फोटोत तिच्या भुवयांचे केस सुटे दिसतात. बहिणीच्या फोटोत गाल मेणाचे केल्यासारखे गुळगुळीत आलेत आणि भाचीचा हात हलल्याने नुसता फराटा उमटलाय. मग ते ६४ गेले कुठे?

मला कॅमेरा लागतो तो घरभर पळणाऱ्या या दोन वर्षांच्या भाचीसाठी, खिडकीसमोरच्या झाडावर येणाऱ्या पक्ष्यांसाठी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आजोबांच्या पत्रांसाठी. तीनेकशे पानं आहेत, शाई फिकी होत चाललीय, घड्यांवर कागद चिरतोय. ती जाण्याआधी नीट उतरवून ठेवायचीत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

दोन_बोटं_झूम

दोन्हींच्या सेन्सरचा (लेन्समागे प्रकाश टिपणाऱ्या चिपचा) आकार, पिक्सेलचा आकार आणि मागे आणखी कुठल्या लेन्स आहेत ते शोधून इथे टाका. नुसत्या मेगापिक्सेलवरून काही सांगता येत नाही.

कवडसा

शोधलं. २०० वाल्याचा सेन्सर १/१.४ इंच, पिक्सेल ०.५६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग), लेन्स एफ १.७ (हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं, असं कळलं). सोबत एक वाइड (जास्त रुंद दृश्य घेणारी) लेन्स आणि २ मेगापिक्सेलचा मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायचा) कॅमेरा. ५० वाल्याचा सेन्सर १/१.३ इंच, पिक्सेल १.२ मायक्रॉन, लेन्स एफ १.८. सोबत वाइड आणि ३ पट ऑप्टिकल झूमची वेगळी लेन्स. ओआयएस, म्हणजे फोटो काढताना हात थरथरला तर सावरणारी सोय, दोन्हींत आहे. म्हणजे "बाकी सगळं सारखं" हे माझं वाक्य चुकलंच.

जुना_फिल्मवाला

कवडसाताई, तुम्ही दिलेल्या आकड्यांतच उत्तर आहे, फक्त उलगडून पाहायला हवं. थोडं लांबेल, पण पूर्ण वाचा.

या दोन सेन्सरच्या आकारात फार फरक नाही. दोन्ही साधारण करंगळीच्या नखाएवढे, त्यातही ५० वाला किंचित मोठा. लेन्समधून आत येणारा प्रकाश एवढ्याशा जागेवर पडतो. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख पिक्सेल, म्हणजेच बारीक खण. ती जागा ५ कोटी खणांत विभागा नाहीतर २० कोटी खणांत, प्रकाश वाढत नाही. प्रत्येक खणाच्या वाट्याला तो कमी येतो, एवढंच.

कमी प्रकाशाने बिघडतं काय? पिक्सेल हा मुळात प्रकाशाचे कण मोजणारा खण आहे, आणि प्रकाश कधी सारख्या धारेने पडत नाही. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० कण पडले तर त्यात १०० इकडेतिकडे होतात, म्हणजे १ टक्का. १०० च कण पडले तर १० इकडेतिकडे, म्हणजे १० टक्के. संध्याकाळी घरात काढलेल्या फोटोत जे दाणे दिसतात, त्यात मोठा वाटा या १० टक्क्यांचा. फोनचं सॉफ्टवेअर हे दाणे पुसायला जातं आणि त्यांच्यासोबत भुवयांचे केसही पुसून टाकतं. तुमच्या भाचीचे गाल मेणाचे झाले ते बहुधा असे.

कंपन्यांना हे ठाऊक नाही असं नाही. म्हणूनच हे फोन रोजच्या वापरात पूर्ण मेगापिक्सेल वापरतच नाहीत. ५० वाला शेजारचे ४ पिक्सेल जोडून एक करतो. याला बिनिंग म्हणतात. ५० भागिले ४, साडेबारा मेगापिक्सेल. २०० वाला १६ पिक्सेल जोडतो. २०० भागिले १६, पुन्हा साडेबारा! जोडल्यावर पहिल्याचा पिक्सेल होतो २.४ मायक्रॉनचा आणि दुसऱ्याचा २.२४ चा. खोक्यावरचे आकडे काहीही असोत, कॅमेरा उघडून बटण दाबलं की दोन्ही फोन तुमच्या हातात साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो ठेवणार.

आता कुणी म्हणेल, सेटिंगमध्ये जाऊन पूर्ण २०० लावले तर? तिथे दोन अडचणी आहेत. पहिली लेन्सची. प्रकाशाचा बिंदू कितीही बारीक असला तरी लेन्समधून येताना तो पसरतो, हा प्रकाशाचा स्वभावच आहे. एफ १.७ च्या लेन्समधून हिरव्या प्रकाशाचा बिंदू सेन्सरवर साधारण २.३ मायक्रॉनचा ठिपका होऊन उतरतो, आणि हे लेन्स निर्दोष असेल तर. तुमचा पिक्सेल आहे ०.५६ चा. म्हणजे एकच ठिपका आडवे चार आणि उभे चार पिक्सेल व्यापतो. इतक्या बारीक खणांना टिपायला तितका बारीक तपशील लेन्स देतच नाही.

दुसरी अडचण रंगांची. सेन्सरला स्वतःला रंग कळत नाही. त्याच्यावर लाल, हिरव्या, निळ्या काचांची जाळी असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांना तिचं पेटंट १९७६ साली मिळालं आणि आजही बहुतेक कॅमेरे तिच्यावरच चालतात. अर्धे खण हिरवे, पाव लाल, पाव निळे. पण २०० च्या सेन्सरमध्ये शेजारचे १६ पिक्सेल मिळून एकाच रंगाच्या काचेखाली बसतात. पूर्ण २०० चा फोटो हवा असेल तर अधल्यामधल्या रंगांचा बराचसा अंदाज सॉफ्टवेअरला बांधावा लागतो. अंदाज चांगला असतो, पण शेवटी अंदाजच.

बहिणीच्या फोटोत हात का हलला, ते सावकाश लिहितो.

पाखरू_वेडा

काकांशी बराचसा सहमत आहे, पण २०० अगदीच निरुपयोगी असं कुणी समजू नये. मी दीड वर्ष २०० वाला वापरतोय. भर उन्हात पाण्याकाठी बसलेला खंड्या त्याच फोनच्या ५० च्या मोडमध्ये (चार-चार पिक्सेल जोडून) टिपला आणि नंतर कापून घेतला, तर चोचीखालचा पांढरा पट्टा आणि त्याच्या कडेची पिसं सुटी दिसली. साडेबाराच्या फोटोत तिथे नुसता पांढरा डाग होता. ऊन चांगलं असेल, पक्षी स्थिर असेल आणि हात कशाला तरी टेकलेला असेल, तर जादा पिक्सेल कापाकापीला खरोखर उपयोगी पडतात.

मात्र ५० वरून २०० वर गेल्यावर तेवढाच फायदा दिसत नाही. माझ्या शंभरेक फोटोंत दोन-तीनदाच दिसला असेल.

जुना_फिल्मवाला

@पाखरू_वेडा, अगदी मान्य. जादा पिक्सेलची कल्पना मुळात चांगलीच आहे. २०१२ साली नोकिया ८०८ प्युअरव्ह्यू आला तेव्हा त्यात ४१ मेगापिक्सेल होते. तरी तो मुद्दाम ५ मेगापिक्सेलचे फोटो द्यायचा. अनेक पिक्सेल मिळून एक स्वच्छ पिक्सेल घडवायचा, आणि झूम करताना मधला भाग कापून वापरायचा. पण त्याचा सेन्सर १/१.२ इंचाचा होता, त्या काळच्या फोनांच्या मानाने प्रचंड. त्याच्यामागे मोठा सेन्सर होता म्हणून ४१ ला अर्थ होता.

उलट बाजूही बघा. २०१५ पासून २०२१ पर्यंत आयफोनच्या मुख्य कॅमेऱ्यात १२ च मेगापिक्सेल होते. त्या सहा वर्षांत फोटो सुधारत गेले ते लेन्स, सेन्सर आणि एकामागून एक अनेक फोटो घेऊन ते जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे. ४८ मेगापिक्सेल २०२२ च्या १४ प्रोमध्ये आले. सोनीचा ए७एस ३ हा मोठा कॅमेरा घ्या. ३६ बाय २४ मिलीमीटरचा सेन्सर, त्यावर फक्त १२ मेगापिक्सेल, आणि अंधारात काम करणारे लोक तो मुद्दाम निवडतात.

आता त्या हाताबद्दल. प्रकाश कमी पडला की फोन शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, समजा सेकंदाचा तिसावा भाग. तेवढ्यात लहान मुलाचा हात कितीतरी अंतर कापतो. ओआयएस *आपला* हात सावरतं, मुलाचा नाही. मुलासाठी शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागाच्या आसपास हवं, आणि त्यासाठी प्रकाशच हवा. भाचीला खिडकीपाशी खेळायला बसवा आणि तुम्ही खिडकीकडे पाठ करा. आणि काढण्याआधी लेन्स मऊ सुती कापडाने पुसा. हे मी प्रत्येकाला सांगतो, कारण खिशातल्या फोनच्या लेन्सवर बोटाचा ठसा असतोच असतो.

दोन_बोटं_झूम

+१. तो २ मेगापिक्सेलचा मॅक्रो जमेत धरू नका. मागे गोल वाढवायला लावलेला असतो, माझ्या फोनमध्ये मी तो दोनदा उघडलाय. ३ पट झूमची खरी लेन्स मात्र पक्ष्यांसाठी फार कामाची.

पोथीघर

पत्रांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझं रोजचं कामच जुन्या कागदांच्या प्रती करण्याचं आहे.

आधी हिशोब. साडेबारा मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू ४०८० पिक्सेलच्या आसपास असते. ए४ पानाची लांबी ११.७ इंच. पान चौकटभर घेतलंत तर इंचाला साधारण ३५० पिक्सेल पडतात. वाचायला आणि पुन्हा छापायला ३०० पुरतात. तुमची पत्रं ए४ पेक्षा लहान असतील तर आणखी चांगलं. कागद हलत नाही, त्यामुळे भरपूर उजेडात ५० चा मोड लावायला हरकत नाही. फिक्या शाईच्या अक्षराची कड त्यात थोडी जास्त सापडते. २०० ची गरज मला कधी पडलेली नाही.

मोठ्या सेन्सरची एक खोड सांगून ठेवते. अगदी जवळून फोटो घेतला तर पानाचा मध्य स्पष्ट येतो आणि कोपरे पुसट होतात. त्यामुळे पानावर वाकू नका. थोडं दूर राहून २ पट झूमवर घ्या, म्हणजे पानाच्या कडा वाकड्याही दिसत नाहीत. फोन कागदाला समांतर ठेवा आणि बोटाने हलू नये म्हणून ३ सेकंदांचा टायमर लावा. फ्लॅश मुळीच नको. खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ द्या. शाई उडाली असली तरी टाकाने किंवा पेन्सिलीने कागद दाबला गेलेला असतो, आणि तिरक्या उजेडात तो दाब सावली होऊन वर येतो.

घडी उघडताना मात्र घाई करू नका, ताई. चिरलेल्या घडीला चिकटपट्टी तर लावूच नका, तिचा डिंक पुढे कागद पिवळा करतो.

कवडसा

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचं वाचून मी दोन्ही फोन ओळखीच्यांकडून एका दिवसासाठी मागून आणले आणि तेच पत्र, तोच पक्षी, तीच भाची, सगळ्यांचे फोटो दोन्हींवर काढले.

नेहमीच्या मोडमध्ये पत्राचे दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर कुठला कशातला हे मला ओळखता आलं नाही. मग पूर्ण २०० लावून पाहिलं. फोटो तयार व्हायला वेळ लागला, एक फोटो ४० एमबीच्या पुढे गेला, आणि मोठा करून पाहिला तर आजोबांच्या 'ळ' च्या गाठीभोवती जांभळट-हिरवट ठिपके होते जे कागदावर नाहीत. ५० वाल्याच्या पूर्ण मोडमध्ये तीच गाठ स्वच्छ होती, शाई कुठे जाड झाली आणि टाक कुठे उचलला ते कळत होतं.

दिव्याच्या उजेडात भाची दोन्हींत हलली. सकाळी खिडकीपाशी दोन्हींत छान आली. पक्ष्याला मात्र ३ पटीच्या लेन्सने जिंकलं. २०० मधून कापलेला फोटो वाईट नव्हता, पण झूम लेन्समधल्या फोटोत डोळ्यात आभाळाचा पांढरा ठिपकासुद्धा आला.

५० वाला घेतेय. पोथीघरताई, तिरक्या उजेडाचं काय सांगू! एका पत्राच्या खाली पूर्ण उडालेली एक ओळ होती, ती कोरी जागा आहे असंच आम्ही आजवर समजत होतो. फोन खाली धरून उजेड बाजूने घेतला आणि तिथे आजीचं नाव वाचता आलं.

एक शेवटची शंका. फोटो सगळ्या नातेवाइकांना वॉट्सअ‍ॅपवर पाठवले तर चालतील ना?

दोन_बोटं_झूम

साधा फोटो म्हणून पाठवलात तर तो लहान होऊन जाईल आणि एवढी मेहनत वाया जाईल. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. आणि एक प्रत फोनबाहेर, हार्ड डिस्कवर ठेवा.

पोथीघर

आजीच्या नावाचं वाचून फार बरं वाटलं, ताई. सुरुवात करण्याआधी आणखी एक करा. पानाची मागची बाजू कोरी दिसली तरी तिचाही फोटो घ्या, आणि पाकिटं असतील तर त्यांचाही. पत्रावर तारीख नसते तेव्हा ती बऱ्याचदा पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यात मिळते.