मायएसक्यूएलमध्ये टॅनएच कसं काढायचं? मदत हवी आहे

मंडळी, मायएसक्यूएल डेटाबेसमधल्या एका टेबलातल्या स्कोअरच्या कॉलमवर टॅनएच (हायपरबोलिक टॅन्जंट) लावून उत्तर उणे १ ते १ मध्ये आणायचंय. ओरॅकल डेटाबेसमध्ये सिनएच, कॉशएच, टॅनएच ही हायपरबोलिक फंक्शन्स तयार मिळतात, पोस्टग्रेस्क्यूएल डेटाबेसमध्येही १२व्या आवृत्तीपासून आहेत. मायएसक्यूएलमध्ये मात्र साइन, कॉस, टॅन आहेत, हायपरबोलिक एकही नाही.

म्हणून एक्स्प (ई चा घात काढणारं फंक्शन) वापरून सूत्रच लिहिलं: ई चा एक्स घात वजा ई चा उणे एक्स घात, भागिले त्याच दोघांची बेरीज. बहुतेक ओळींना उत्तर बरोबर येतं. पण एका ओळीत स्कोअर ८०० निघाला आणि अख्खी क्वेरी १६९० नंबरची एरर देऊन थांबली, कारण ७१० च्या आसपासच एक्स्प डबलच्या (दशांश संख्या साठवायच्या प्रकाराच्या) मर्यादेबाहेर जातो. २० च्या पुढे डबलमध्ये उत्तर १ च येतं, तेव्हा तिथे केस (अट) लावून थेट १ (ऋण बाजूला उणे १) द्यायचा विचार आहे.

खरी अडचण शून्याजवळ आहे. एक्स १० चा उणे १७ वा घात असला की उत्तरही तेवढंच यायला हवं, पण वजाबाकीत सगळं उडून शून्य हातात येतं. तिथे एक्स वजा एक्सचा घन भागिले ३ वापरलं, तर सीमा कुठे धरावी? आणि हे स्टोअर्ड फंक्शनमध्ये (डेटाबेसमध्येच साठवलेल्या फंक्शनमध्ये) टाकलं तर लाखो ओळींवर फार हळू चालेल का? कुणी केलं असेल तर कृपया सांगा.