शब्दचर्चा : ‘प्रतिमान’ कशाला म्हणावे आणि ‘अभिरूपण’ कशाला?

प्रश्न (बेळगाव)

नमस्कार. मी स्थापत्य अभियांत्रिकीत संशोधन करते. चिकोडी आणि निपाणी तालुक्यांत कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा यांच्या काठांवर पुराचे पाणी किती उंचीपर्यंत आणि किती वेळात पसरते, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. प्रबंध इंग्रजीत असला तरी त्याचा सारांश काठावरच्या गावांतील लोकांना वाचता यावा म्हणून मराठीत आणि कन्नडमध्ये द्यायचा आहे. कन्नड मजकूर लिहिणाऱ्या सहकाऱ्याला मॉडेलसाठी ‘मादरी’ हा शब्द सहज सापडला. मराठीत मात्र प्रारूप, प्रतिमान, नमुना आणि प्रतिकृती असे चार शब्द समोर उभे राहतात आणि चारही कोठे ना कोठे छापलेले दिसतात. सिम्युलेशनसाठी ‘अनुकरण’ सुचवले गेले आहे, पण ते कानाला पटत नाही. यांपैकी कोणता शब्द कोठे योग्य ठरेल? शिवाय कॅलिब्रेशन, व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन या तीन वेगळ्या क्रियांना बोलताना आम्ही सरसकट ‘तपासणे’ म्हणतो. लिहिताना ते चालेल का?

उत्तर (खानापूर)

आपल्या प्रश्नात दोन वस्तू एकमेकींत मिसळण्याची शक्यता आहे, म्हणून शब्दांआधी त्या वस्तू वेगळ्या करू.

उघड्या पात्रातून वाहणाऱ्या पाण्यासाठी फ्रेंच अभियंते सँ-व्हेनाँ यांनी १८७१ मध्ये दोन अवकल समीकरणे मांडली. एक समीकरण पाण्याच्या साठ्याचा हिशेब ठेवते आणि दुसरे संवेगाचा. पात्राच्या खडबडीतपणामुळे होणारा विरोध बहुधा मॅनिंगच्या सूत्राने त्यांत घातला जातो. ही समीकरणे, त्यांतील चल आणि प्राचल (पॅरामीटर), आणि ‘पाण्याचा वेग पात्राच्या छेदात सर्वत्र सारखा मानला आहे’ यांसारखी गृहीतके मिळून जो संच होतो, ते प्रतिमान. या संचात कृष्णा नाही, तिच्या काठचे यडूर नाही आणि २०१९ च्या पुराचा ऑगस्ट महिनाही नाही. त्याला नदीपात्राचे मोजलेले छेद, वरून येणारा विसर्ग आणि खालच्या टोकाची पातळी पुरवून, पात्राचे लहान तुकडे पाडून, वेळेची एकेक पायरी चढत संगणकाकडून उत्तर काढून घेतले की जे घडते, ते सिम्युलेशन. पहिली वस्तू एक विधान आहे आणि दुसरी एक प्रक्रिया आहे. म्हणूनच एकाच प्रतिमानावरून शेकडो सिम्युलेशने करता येतात.

पहिल्या वस्तूसाठी मी ‘गणिती प्रतिमान’ निवडीन. प्रति आणि मान यांपासून झालेल्या या शब्दात माप आहे, आणि ज्याचे माप घ्यायचे त्याच्यासमोर ठेवलेली तुल्य वस्तू हा अर्थही आहे. ‘प्रारूप’ हा शब्द वाईट नाही, अर्थशास्त्राच्या मराठी पुस्तकांत तो या अर्थाने येतो. परंतु प्रारूप मतदार यादी, प्रारूप विकास आराखडा अशा प्रयोगांमुळे सामान्य वाचकाच्या मनात तो ‘अजून कायम न झालेला मसुदा’ या अर्थाने घट्ट बसला आहे. सदलग्याच्या वाचकाने ‘पुराचे प्रारूप’ वाचले तर पूररेषेचा मसुदा निघाला असून त्यावर हरकती मागवल्या आहेत, असा त्याचा समज होईल, आणि तो समज अगदी स्वाभाविक असेल. ‘नमुना’ हा शब्द जलसंशोधनात मोकळा नाही, कारण पाण्याचा नमुना आणि मातीचा नमुना आपल्याला रोज लागतात. कन्नडमधील ‘मादरी’ हे दोन्ही अर्थ सहज पेलते आणि शाळेच्या पाटीवर ‘आदर्श’ या अर्थानेही उभे राहते. मराठीत तेवढा रुंद शब्द नाही आणि त्याची उणीव मानण्याचे कारणही नाही.

‘प्रतिकृती’ हा शब्द मात्र काळजीपूर्वक राखून ठेवावा, कारण त्याला या क्षेत्रात स्वतःचे काम आहे. खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ मध्ये मुंबई इलाख्यात सुरू झाले, आणि तेव्हा बेळगाव जिल्हाही त्याच इलाख्यात होता. तेथे धरणांच्या, सांडव्यांच्या आणि नद्यांच्या प्रत्यक्ष प्रतिकृती बांधून त्यांतून पाणी सोडले जाते. अशी प्रतिकृती १ : १०० या प्रमाणात बांधली तर सगळेच काही शंभरपट लहान होत नाही. फ्रूडच्या नियमानुसार वेग आणि काळ दहापट कमी होतात, तर विसर्ग एक लाखपट कमी होतो. म्हणजे नदीतील एक लाख क्युसेक विसर्गासाठी प्रतिकृतीत एक क्युसेक पुरतो, आणि नदीत चोवीस तास चालणारा पूर तेथे दोन तास चोवीस मिनिटांत उरकतो. मातीसिमेंटच्या या वस्तूला आणि कागदावरच्या समीकरणांना एकच नाव दिले तर एखाद्या अहवालात कशावरून निष्कर्ष काढला आहे हे वाचकाला कळणारच नाही.

आता सिम्युलेशन. ‘अनुकरण’ न पटण्याचे कारण असे की अनुकरण करण्यासाठी समोर आधी घडलेले काही असावे लागते. आपण तर अनेकदा न घडलेल्या गोष्टींचाच हिशेब करतो : हिडकल धरणातून विसर्ग वाढला आणि त्याच वेळी कृष्णेचा फुगवटाही असला तर काय होईल? हिंदीच्या परिभाषेत ‘अनुकार’ आहे, पण मराठीत तो बोलीत किंवा वृत्तपत्रांत उतरलेला नाही. आपल्याकडे ‘अभिरूप’ आहे. विधी महाविद्यालयांतील अभिरूप न्यायालय आणि शाळांतील अभिरूप युवा संसद हे शब्द आपले विद्यार्थी वापरतात. अभिरूप न्यायालयात कायदा खरा असतो, खटला मानलेला असतो, कामकाज पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत पार पाडले जाते आणि निकाल कोणालाही बांधत नाही. सिम्युलेशनमध्येही निसर्गाचे नियम खरे, परिस्थिती मानलेली, आणि गणित शेवटच्या पायरीपर्यंत केलेले असते. म्हणून ‘अभिरूपण’ हा शब्द मला अर्थानेही आणि परिचयानेही योग्य वाटतो.

दोन शब्द वेगळे ठेवण्याचा आग्रह किती महत्त्वाचा आहे ते हवामानशास्त्राच्या इतिहासात दिसते. लुईस फ्राय रिचर्डसन यांनी २० मे १९१० या दिवसाच्या युरोपातील नोंदी घेऊन हवेच्या दाबातील सहा तासांचा बदल हाताने गणित करून काढला आणि तो १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. उत्तर आले १४५ मिलिबार, जे अशक्य होते, कारण त्या दिवशी दाब जवळजवळ स्थिर होता. केवळ उत्तर पाहणारा म्हणेल की प्रतिमान चुकले. पण पुढे तेच गणित संगणकावर पुन्हा केले तेव्हा दिसून आले की समीकरणे ठीक होती. आरंभीच्या नोंदींत वारा आणि दाब यांचा मेळ नव्हता आणि तो आधी बसवून घेतला की उत्तर वाजवी येत होते. दोष अभिरूपणाच्या आरंभस्थितीत होता, प्रतिमानात नव्हता. हे वाक्य मराठीत लिहिण्यासाठी दोन शब्द लागतातच.

प्रतिसाद (उद्यमबाग, बेळगाव)

सरांच्या उत्तरात आमच्या ओतकामाच्या धंद्यातील एक भर घालतो. फाउंड्रीत ‘मॉडेल’ म्हटले की समीकरण कोणाच्याही मनात येत नाही. मॉडेल म्हणजे संगणकावर काढलेली भागाची त्रिमितीय आकृती, आणि साचा ज्याच्यावरून तयार होतो तो पॅटर्न. ‘सिम्युलेशन काढा’ म्हणजे धातू कोठे शेवटी गोठेल आणि कोठे पोकळी राहील ते बघा. या सगळ्यामागे जे प्रतिमान आहे त्याचे सर्वांत साधे रूप म्हणजे ख्वोरिनोव्हचा नियम : गोठण्याचा काळ हा घनफळ आणि पृष्ठफळ यांच्या गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दहा सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर ते गुणोत्तर १.६७ सेंटिमीटर येते. त्याच घनफळाची, २० × २० × २.५ सेंटिमीटरची पाटी घेतली तर ते बरोबर १ येते. म्हणजे धातू तेवढाच असूनही घनाला गोठायला पाटीच्या सुमारे पावणेतीन पट वेळ लागतो, आणि रायझर, म्हणजे गोठताना आकसणाऱ्या भागाला वितळलेला धातू पुरवणारा साठा, त्याच्याहूनही उशिरा गोठेल असा ठेवावा लागतो. माझी सूचना एवढीच की प्रत्यक्ष धातू ओतून घेतलेल्या ट्रायलला अभिरूपण म्हणू नये. ती चाचणी आहे आणि तिच्यात भट्टी पेटते.

प्रतिसाद (निपाणी)

मला हा मार्ग अवघड वाटतो. आमच्या भागात २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत घरे सोडलेली माणसे हा सारांश वाचणार आहेत. ती ‘पाणी कुठवर येतंय ते कॉम्प्युटरवर बघालेत’ असे बोलतात आणि त्यात अर्थ पुरेपूर आहे. मॉडेल हा शब्द मराठीतच जमा झाला आहे. प्रतिमान आणि अभिरूपण हे शब्द विद्वानांच्या बैठकीत शोभतील, पण माणसे पहिल्याच ओळीला थबकली तर सारांशाचा उपयोग काय? ताईंनी सरळ मॉडेल आणि सिम्युलेशन लिहावे आणि बाकीची वाक्ये सोपी ठेवावीत, असे माझे प्रामाणिक मत आहे.

उत्तर (खानापूर)

निपाणीकरांची काळजी रास्त आहे आणि वाक्ये सोपी ठेवण्याविषयी माझे त्यांच्याशी पूर्ण एकमत आहे. फक्त एक गोष्ट लक्षात घ्यावी. ‘विसर्ग’ हा शब्द कृष्णाकाठच्या प्रत्येक माणसाला आज कळतो, आणि तोही काही बोलीतला शब्द नव्हता. दर पावसाळ्यात तो एकाच अर्थाने, आकड्यासह, कानावर पडत राहिला म्हणून रुळला. शब्द अवघड ठरतो तो बहुतेक वेळा अर्थ डळमळीत ठेवल्यामुळे. म्हणून पहिल्या ओळीत ‘गणिती प्रतिमान, म्हणजेच मॉडेल’ असे एकदा लिहून पुढे प्रतिमान हाच शब्द ठेवण्यास हरकत नसावी.

खरी दक्षता तीन क्रियांच्या बाबतीत हवी, कारण तेथे सरसकट ‘तपासले’ म्हटल्याने वाचकाची प्रत्यक्ष दिशाभूल होते.

पहिली क्रिया अंशशोधन, म्हणजे कॅलिब्रेशन. भौतिकशास्त्रात उपकरणांसाठी हा शब्द रूढ आहे. मॅनिंगच्या सूत्रातील खडबडीतपणाचा प्राचल थेट मोजता येत नाही. मातीच्या मोकळ्या पात्राला तो ०.०३ च्या आसपास धरतात, तर उभ्या पिकाच्या शेतातून पाणी जात असेल तर ०.०४ किंवा त्याहून अधिक, आणि आपल्याकडे काठावर तर ऊसच उभा असतो. रुंद पात्रात विसर्ग आणि उतार तेच ठेवून हा प्राचल ०.०३ वरून ०.०४ केला तर पाण्याची खोली सुमारे १९ टक्क्यांनी वाढते. पाच मीटर पाणी दिसत होते तेथे जवळजवळ सहा मीटर दिसते, म्हणजे उंबऱ्यावरचे पाणी खिडकीपर्यंत येते. म्हणून २०१९ च्या पुराच्या भिंतींवरील खुणा गोळा करायच्या आणि त्या जुळेपर्यंत प्राचल बदलत जायचे. हे जुळवणे म्हणजे अंशशोधन.

दुसरी क्रिया पडताळणी, म्हणजे व्हेरिफिकेशन. संगणकाने समीकरणे बिनचूक सोडवली का, तुकड्यांचा आकार किंवा वेळेची पायरी बदलली तर उत्तर बदलते का, एवढाच तिचा प्रश्न असतो. नदीवर न जाताही ती करता येते.

तिसऱ्या क्रियेसाठी, म्हणजे व्हॅलिडेशनसाठी, शिक्षणशास्त्रात रुळलेला ‘सप्रमाणता’ हा शब्द घ्यावा. जुळवताना न वापरलेल्या पुराच्या नोंदी, उदाहरणार्थ २०२१ च्या, प्रतिमानाला कितपत साधतात हे पाहणे म्हणजे सप्रमाणता तपासणे. २०१९ च्या खुणांवर जुळवलेले प्रतिमान २०१९ च्याच खुणांशी जुळते असे सांगून ‘तपासले’ म्हणणे ही लबाडी नसली तरी वाचकाला चुकीचा भरवसा देणारी भाषा आहे, आणि त्या भरवशावर कोणी रात्री घरात थांबेल.

प्रश्नकर्ती (बेळगाव)

सर्वांची मनापासून आभारी आहे. सारांशात पुढील वाक्ये घालत आहे : ‘या अभ्यासातील गणिती प्रतिमानाचे, म्हणजेच मॉडेलचे, अंशशोधन २०१९ च्या पुराच्या खुणांवरून केले आहे. त्याची सप्रमाणता २०२१ च्या पुराच्या नोंदींवरून तपासली आहे. यातील नकाशे मानलेल्या विसर्गांच्या अभिरूपणातून निघाले असून ते पूर्वसूचना नव्हेत.’ एक शंका उरते. एका प्रतिमानावरून वेगवेगळे विसर्ग घेऊन आम्ही अनेक ‘रन’ घेतले आहेत. त्याला काय म्हणावे?

उत्तर (खानापूर)

‘फेरी’ म्हणावे. मतमोजणीच्या फेऱ्या सर्वांना माहीत आहेत, त्यामुळे ‘अभिरूपणाची तिसरी फेरी’ कोणालाही अडणार नाही. प्रत्येक नकाशाखाली फेरीचा क्रमांक आणि तिच्यात मानलेला विसर्ग क्युसेकमध्ये द्यावा, म्हणजे कल्लोळ-यडूर बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी आली की त्या दिवशीच्या विसर्गाशी जुळणारा नकाशा काठावरच्या माणसाला स्वतः काढून पाहता येईल.