पैसे आणणारा ड्रायव्हर कच्चाच असतो?

फॉर्म्युला वन शर्यतींत प्रायोजकाचे किंवा स्वतःचे पैसे आणून सीट मिळवणारा ड्रायव्हर कच्चाच असतो, हे मत अर्धंच खरं. ऑस्ट्रियाच्या निकी लाउडाने 1972 मध्ये बँकेचं कर्ज काढून मार्च संघात सीट मिळवली. 1975 मध्ये फेरारीकडून तोच विश्वविजेता. पास्टर माल्डोनाडो या ड्रायव्हरमागे व्हेनेझुएलाची सरकारी तेल कंपनी पीडीव्हीएसए होती, पण 2012 ची स्पॅनिश ग्रां प्री त्यानेच विल्यम्स संघाला जिंकून दिली.

खरी गोम करारात असते. गाडीवरची जाहिरातीची जागा संघाची, त्यामुळे ड्रायव्हरचा प्रायोजक संघाच्या प्रायोजकाचा प्रतिस्पर्धी निघाला की घोळ होतो. म्हणून ड्रायव्हरने हेल्मेट आणि टोपीवरची जागा आपल्या प्रायोजकासाठी सही करण्याआधीच लिहून घ्यावी. लाउडाची, पार्मलात या इटालियन दूध कंपनीचं नाव असलेली टोपी आठवा. आणि हप्ते वेळेवर येतील असे ठरवा. प्रायोजकाचा हप्ता थकला तर हंगामाच्या मध्यातच सीट जाऊ शकते.