धोम धरणाच्या काठावर चिलापी बघा

'उन्हं तापली की धोमचा मासा खोलात जातो, काठावर गळ टाकणं फुकट' हे दुपारपुरतं आणि रोहू-कटल्यापुरतं पटतं. चिलापीचं, म्हणजे तिलापिया माशाचं, तसं नाही. मार्च-एप्रिलात शेतीचं आवर्तन सुटलं, म्हणजे शेतीसाठी धरणातून पाणी सोडलं, की काठाचं पाणी हटतं आणि काठच्या गाळात ताटाएवढे गोल खड्डे उघडे पडतात. ती नराने केलेली घरटी. अंडी मादी तोंडात धरते, पण नर खड्ड्याची राखण सोडत नाही. म्हणजे उघड्या खड्ड्यांच्या पुढे, गुडघाभर पाण्यात तसेच खड्डे असणार! सकाळी तिथेच बारीक गळाला गांडूळ लावून टाका. दोरीला शिशाचं वजन नकोच, गाळात रुततं. आवर्तन चालू असताना मात्र जागा रोज बदलावी लागते.